बंदुकीनंतरचा कॅमेरा : जिम कॉर्बेट

सौसर तालुक्यातले बोरगाव हे नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. मुलूख संत्र्यांच्या बागांचा, घरची भाषा मराठी आणि राज्य मात्र मध्य प्रदेश. २०२३ पर्यंत हा तालुका छिंदवाडा जिल्ह्यात मोडत असे. त्या साली तो नव्या पांढुर्णा जिल्ह्यात गेला. तेथील आमच्या आप्तांपैकी एका घरचा मुलगा केनियात वन्य प्राण्यांची छायाचित्रे घेण्यास निघाला आहे. कॅमेरा कोणता, भिंग किती पल्ल्याचे, एक कॅमेरा पुरे की दोन, या विचाराने त्याने महिनाभर घर डोक्यावर घेतले आहे. त्याच्या आजीचे म्हणणे असे की, पेंचचे जंगल जवळ असताना वाघ पाहण्यासाठी इतका खर्च कशाला. आफ्रिकेत वाघ नसतोच, हे तिला अद्याप कोणी सांगितलेले दिसत नाही.

प्रस्तुत लेखकाचे शास्त्र सुरांचे. भिंगांविषयी अधिकारवाणीने बोलण्याची त्याची योग्यता नाही. तथापि हा सारा खटाटोप ऐकताना एका माणसाची आठवण वारंवार होत राहिली. त्याने हाच प्रश्न पदरची दहा वर्षे घालून सोडविला, आयुष्याची अखेर केनियातच केली आणि मध्यंतरी काही काळ आपल्या छिंदवाड्याच्या जंगलातही घालविला. ते जिम कॉर्बेट. कुमाऊंच्या नरभक्षकांचा शिकारी म्हणून त्यांचे नाव मराठी घरांतून सर्वश्रुत आहे. त्यांच्या कथांची भाषांतरे दुपारच्या वेळी उशीखाली दडवून वाचलेली पिढी आज आजोबा झाली आहे. पण त्याच पुस्तकाचे शेवटचे छोटेसे प्रकरण, ज्यात एकही नरभक्षक नाही, ते फारसे कोणाच्या लक्षात राहत नाही. कॉर्बेट यांचा खरा जीव ज्यात गुंतला होता ते काम त्या प्रकरणात आहे.

कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनीतालला झाला. वडील क्रिस्टोफर कॉर्बेट तेथील पोस्टमास्तर. घरात मुलांचे लेंढार, मिळकत बेताची, आणि जिम सहा वर्षांचे होण्यापूर्वीच वडील वारले. उन्हाळ्यात नैनीताल आणि हिवाळ्यात पायथ्याशी काळाढुंगी, असा या कुटुंबाचा क्रम असे. काळाढुंगीच्या घरामागे जंगल सुरू होई, आणि तीच या मुलाची शाळा. प्रथम हाती आली ती गलोल. पुढे एका आप्ताने ठासणीची जुनी दुनळी बंदूक दिली. तिची एक नळी फुटलेली होती आणि दस्ता व नळ्या पितळी तारेने एकत्र बांधलेल्या होत्या. ज्याच्या हाती असले हत्यार येते त्याला एक गोष्ट आपोआप कळते : बार एकच आहे, तेव्हा जवळ जाता आले पाहिजे, आणि जवळ जावयाचे तर जंगल काय बोलते ते ऐकता आले पाहिजे.

ऐकण्याचा हा भाग जरा विस्ताराने सांगण्याजोगा आहे. कोणता पक्षी का ओरडला, चितळाचा इशारा बिबट्यासाठी की वाघासाठी, वानर कोणत्या दिशेला पाहून खोकतो आहे, हे सारे या मुलाने कानाने गोळा केले. नुसते ओळखलेच नाही, तर गळ्यातून काढावयासही तो शिकला. बिबट्याची साद, वाघाची साद तो इतकी हुबेहूब काढी की जनावर उत्तर देई. गाणे शिकणाऱ्याला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. ज्याचा कान तयार आहे त्याचाच गळा तयार होतो. उलट क्रमाने कोणी शिकल्याचे ऐकिवात नाही.

नैनीतालचे शिक्षण आटोपून ते बंगाल अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेत नोकरीस लागले. पहिले काम इंजिनांच्या जळणासाठी लाकूड तोडून घेण्याचे, म्हणजे ज्या जंगलावर जीव त्याच्यावरच कुऱ्हाड चालविण्याचे. नंतर गंगेकाठी मोकामा घाटावर माल चढविण्या-उतरविण्याचा ठेका त्यांनी घेतला. रुंद रुळाच्या गाडीतला माल उतरवून, नदीपार नेऊन, मीटर रुळाच्या गाडीत भरावयाचा. नागपूर–छिंदवाड्याची छोटी गाडी २०१५ मध्ये बंद होईपर्यंत सौसर भागातल्या ज्या मंडळींनी तिच्यासाठी ओझी बदलली, त्यांना रूळ बदलण्याचा हा वैताग ठाऊक असेल. कॉर्बेट यांनी तो वीस वर्षांहून अधिक काळ सोसला, मजुरांबरोबर स्वतः खांद्यावर ओझे वाहिले, आणि रजा मिळेल तेव्हा कुमाऊं गाठले. पहिल्या महायुद्धात कुमाऊंतून पाचशे माणसांची तुकडी उभी करून ते फ्रान्सला गेले. परत आले ते मेजर होऊन. लग्न त्यांनी केले नाही. थोरली बहीण मॅगी आणि ते, असे दोघांचे घर अखेरपर्यंत चालले.

नरभक्षकांच्या कथा येथे पुन्हा सांगण्याचे कारण नाही. १९०७ मध्ये चंपावतची वाघीण त्यांनी मारली. तिच्या नावावर ४३६ बळींची नोंद होती. त्या कामगिरीबद्दल प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर हेविट यांनी त्यांना .२७५ ची रिग्बी रायफल भेट दिली. हलकी, अचूक आणि डोंगर चढताना खांद्याला भार न होणारी अशी ती होती. पुढे १९१० मध्ये पनारचा बिबट्या आणि १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा बिबट्या. सरकारने लावलेले इनाम आधी मागे घ्यावे आणि इतर शिकाऱ्यांना त्या भागातून काढून घ्यावे, या दोन अटी मान्य झाल्यावाचून ते कामास हात घालीत नसत. इनामासाठी आपण मारीत नाही, हे त्यांना स्वतःलाही सांगावयाचे असावे.

आपल्या संस्थानी शहरांतून ज्यांचे बालपण गेले त्यांना दिवाणखान्यातल्या वाघाच्या कातड्याची ओळख करून द्यावयास नको. भिंतीवर मुंडकी, जमिनीवर कातडे, आणि शेजारी पडलेल्या वाघावर पाय ठेवून उभ्या असलेल्या पाहुण्यांचा फोटो. दर पावसाळ्यानंतर ते कातडे उन्हात घालावे लागे, तरी केस झडत आणि कसर लागे ती लागेच. कॉर्बेट यांचा हिशेब अगदी याच मुद्द्यावर बसला होता. कातडे त्याच्या मालकापुरते. त्याचे कौतुक मालकाबरोबर संपते. चित्र मात्र ज्याला जंगलाची आवड आहे त्या प्रत्येकाचे. शिवाय खर्च कमी, आणि वाघ जिवंत राहतो. बंदुकीने वाघ मारणे आणि कॅमेऱ्याने वाघ टिपणे, या दोहोंत कौशल्याचा फरक फार मोठा आहे आणि तो कॅमेऱ्याच्या बाजूने आहे, असे ज्या माणसाने लिहिले त्याच्याइतका बंदुकीचा अनुभव त्या काळी थोड्यांनाच होता. म्हणून त्या मताला वजन.

ही दृष्टी त्यांना एका पुस्तकाने दिली. फ्रेडरिक वॉल्टर चँपियन हे संयुक्त प्रांतातले जंगल अधिकारी. त्यांनी १९२७ मध्ये वाघांच्या मुलखातील आपल्या छायाचित्रांचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांची रीत अशी : वाघाच्या नेहमीच्या वाटेवर बारीक तार ताणावयाची, शेजारी कॅमेरा व झगझगाटाची सोय मांडून ठेवावयाची, आणि घरी जाऊन झोपावयाचे. रात्री वाघ आला, तार हलली, मॅग्नेशियमचा लखलखाट झाला की चित्र उमटले. वाघाने स्वतःच स्वतःचा फोटो काढला म्हणा ना. प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असतात आणि त्यांवरून वाघ ओळखता येतो, हेही चँपियन यांना या चित्रांतून ध्यानी आले. आज व्याघ्रगणना ज्या स्वयंचलित कॅमेऱ्यांनी होते, त्यांचे हे आजोबाच. या कल्पनेचे मूळ मात्र आणखी मागे जाते. कार्ल गेऑर्ग शिलिंग्ज नावाच्या जर्मन गृहस्थाने विसाव्या शतकाच्या आरंभी पूर्व आफ्रिकेत रात्रीच्या रात्री सिंह, तरस आणि झेब्रे मॅग्नेशियमच्या झोतात टिपले आणि १९०५ मध्ये ते पुस्तकरूपाने आणले. काचेच्या प्लेटा, अवजड कॅमेरे आणि स्फोटक भुकटी हमालांच्या डोक्यावरून वाहून नेऊन केलेले ते काम. आजच्या प्रवाशाला छोट्या विमानात बहुधा पंधरा किलोंपेक्षा अधिक सामान नेऊ देत नाहीत म्हणून तो कुरकुरतो. शिलिंग्ज यांचे सामान पाहून त्याने गप्प बसावे.

कॉर्बेट यांनी चँपियन यांच्यापुढे एक पाऊल टाकावयाचे ठरविले. स्थिर चित्र नको, हलते हवे. आणि रात्रीच्या झगझगाटात नको, दिवसाच्या उजेडात हवे. एका उदार मित्राने त्यांना बेल अँड हॉवेल कंपनीचा सोळा मिलिमीटरचा चलच्चित्र कॅमेरा भेट दिला. सोळा मिलिमीटरची फिल्म १९२३ मध्ये निघाली होती. तोपर्यंत हलते चित्र घ्यावयाचे म्हणजे पस्तीस मिलिमीटरचे अवजड धूड तिपाईवर चढवून मूठ फिरवीत बसावे लागे, आणि ती फिल्म ज्वालाग्राही असे. नवा कॅमेरा हातात मावे, किल्ली दिली की स्प्रिंगवर चाले, आणि फिल्मही पेट घेणारी नव्हती. दबा धरून वाघाजवळ सरकणाऱ्या माणसाला याहून सोयीचे यंत्र त्या वेळी मिळणे कठीण होते. रिग्बीची निवड ज्या गुणांसाठी, त्याच गुणांसाठी हाही कॅमेरा योग्य ठरला : हलका, आणि एका माणसाला पुरा सांभाळता येईल असा.

पण हातात हत्यार आले म्हणून सूर लागत नाही. पुढली दहा वर्षे कॉर्बेट शेकडो मैल वाघांच्या मुलखात कॅमेरा घेऊन हिंडले. गाऱ्याजवळ गेले म्हणून वाघांनी त्यांना हुसकावले, पिलांजवळ गेले म्हणून वाघिणींनी जंगलाबाहेर काढले. सुमारे दोनशे वेळा वाघ दिसला, आणि मनासारखे चित्र एकही मिळाले नाही. कधी उजेड जास्त लागला, कधी कमी. कधी मध्ये गवताची काडी आली, कधी पान. कधी भिंगावर कोळ्याचे जाळे. एकदा तर सारे जमून आले आणि फिल्म धुताना तिच्यावरचा लेपच वितळून गेला. ज्या माणसाने नरभक्षक मारण्यात क्वचितच हार खाल्ली, त्याने या कामात दहा वर्षे हार खाल्ली आणि तरी कॅमेरा खाली ठेवला नाही. हे वाचताना मन थोडे थांबते. बंदुकीचे यश त्यांना जगाने मागितले होते. या अपयशांची वाट कोणी पाहत नव्हते.

त्यात भर म्हणून १९२९ मध्ये त्यांचा एक कान गेला. शिकारीच्या वेळी हत्तीवर शेजारी बसलेल्या गृहस्थांची जड रायफल अगदी कानाजवळ उडाली आणि पडदा फाटला. त्याच साली तल्लादेसच्या वाघिणीमागे ते गेले तेव्हा डोक्यात गळू झालेले, एक डोळा सुजून मिटलेला आणि एक कान बहिरा, अशी अवस्था होती. एका कानाने आवाज ऐकू येतो, पण तो कोठून आला हे कळत नाही. आणि जंगलात दिशा न कळणे म्हणजे निम्मे आंधळे होणे. बैठकीत ज्यांना एका बाजूने ऐकू येईनासे झाले अशा वृद्ध साथीदारांना ज्याने पाहिले आहे, त्याला या नुकसानीची खोली उमगेल. कॉर्बेट यांनी पुन्हा ऐकण्याची नवी सवय लावून घेतली. कुरकूर केली नाही.

१९३८ साली त्यांनी ठरविले की आता अख्खा हिवाळा याच कामाला द्यावयाचा. दहा वर्षांच्या अपयशातून एक शहाणपण हाती आले होते. वाघ भेटेल तेथे त्याचे चित्र घेण्याचा नाद सोडावयास हवा. जागा आधी निवडावयास हवी आणि वाघाला तेथे आणावयास हवे. त्यांनी पन्नास यार्ड रुंदीची एक उघडी नाळ निवडली. दोन्ही बाजूंना दाट झाडी, आणि मध्ये बारीकसा ओढा. आता अडचण होती ती कॅमेऱ्याच्या आवाजाची. स्प्रिंगवर चालणारा कॅमेरा घरघर करतो. माणसाला तो आवाज काही वाटत नाही. वाघाला पंधरा फुटांवरून तो न ऐकू येणे अशक्य. कॉर्बेट यांनी काय केले, तर ओढ्याला ठिकठिकाणी बांध घालून काही इंच उंचीचे छोटे छोटे धबधबे तयार केले. पाणी रात्रंदिवस त्यांवरून खळखळत राहिले आणि वाघांच्या कानांना त्याची सवय झाली. त्या खळखळीत यंत्राची घरघर विरून गेली.

प्रस्तुत लेखकाला या साऱ्या चरित्रात याइतकी सुंदर गोष्ट दुसरी वाटत नाही. आवाज दाबावयाचा तर त्याच्यावर कापड घालून भागत नाही. त्याच्याखाली एक अखंड सूर धरावा लागतो. तंबोरा दुसरे काय करतो? आजच्या कॅमेऱ्यांतून शटर मुळीच आवाज करीत नाही, आणि बोरगावच्या आमच्या चिरंजीवांना ही सोय फुकट मिळते. पण ती सोय वापरावयाची आहे हे लक्षात असावे लागते. गाडीत शेजारी बसलेला माणूस खटखट करीत राहिला तर सिंहीण उठून जाते, आणि त्या वेळी भिंग कितीही महाग असले तरी उपयोगाचे नाही.

जागा तयार झाली, मग वाघ. तीन वेगवेगळ्या भागांतले सात वाघ हेरून कॉर्बेट यांनी त्यांना एक एक पाऊल, काही यार्डांनी, आपल्या या जंगली स्टुडिओकडे ओढून आणले. त्या भागात शिकाऱ्यांचा वावर फार. कोणाच्या दृष्टीस वाघ पडला तर सारेच संपले असते, म्हणून त्यांना लोकांपासून लपवीतच आणावे लागले. सातांपैकी एक वाघीण आली आणि दुसऱ्याच दिवशी निघून गेली. पण तेवढ्यात तिचे चित्र घेऊन झाले होते. उरलेल्या सहांवर हजार फूट फिल्म खर्ची पडली. तो हिवाळा नेमका अतिशय पावसाळी निघाला. भिंगावर दमट साचली, उजेड कमी पडला, आणि घाईघाईत फिल्म नीट न ओवल्यामुळे ती कॅमेऱ्याच्या पोटात गोळा झाली. शेकडो फूट फुकट गेली. तरी सुमारे सहाशे फूट उरली. सेकंदाला सोळा चित्रे या त्या काळच्या नेहमीच्या गतीने हिशेब केला तर ही जेमतेम पंचवीस मिनिटे होतात. दहा वर्षे आणि वर साडेचार महिने, त्याची पंचवीस मिनिटे.

त्या पंचवीस मिनिटांत चार वाघ आणि दोन वाघिणी होत्या. दोन नर दहा फुटांच्या वरचे, आणि वाघिणींपैकी एक पांढरी. अंतर दहा फुटांपासून साठ फुटांपर्यंत, प्रकाश दिवसाचा. दिवसाढवळ्या सहा वाघांच्या इतक्या जवळ सरपटत जाणे शक्यच नव्हते. म्हणून रात्र संपत आलेली आणि दिवस उगवला नाही अशा वेळी, दवाने पालापाचोळा ओला व निःशब्द झालेला असताना, ते जाऊन पडत आणि उजेड पुरेसा होण्याची वाट पाहत. या साऱ्या काळात एकाही वाघाने त्यांना पाहिले नाही. दव पडते तेव्हा पान वाजत नाही, ही माहिती कोणत्याही कॅमेऱ्याच्या पेटीत घालून मिळत नाही.

त्याच १९३८ च्या नोव्हेंबर अखेरीस ठाकच्या नरभक्षक वाघिणीला त्यांनी स्वतः वाघाची साद घालून जवळ बोलाविले आणि मारले. वय त्रेसष्ट. नरभक्षकाच्या मागे जाण्याची ती त्यांची अखेरची मोहीम. त्या आधी दोन वर्षे, १९३६ मध्ये, हिंदुस्थानातले पहिले राष्ट्रीय उद्यान रामगंगेच्या काठी स्थापन झाले. गव्हर्नर हेली यांचे नाव त्याला दिले गेले, आणि त्याच्या उभारणीत कॉर्बेट यांचा मोठा वाटा होता.

दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा साठी उलटलेली असूनही ते स्वस्थ बसले नाहीत. सैनिकभरतीच्या कामात त्यांना टायफसने गाठले आणि ते मरणाच्या दारातून परतले. तरी १९४४ मध्ये लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यावर ते आपल्या छिंदवाड्यास आले. ब्रह्मदेशच्या आघाडीवर जाणाऱ्या सैनिकांना जंगलात कसे जगावे हे त्यांनी तेथे शिकविले. कोणते फळ खावे, पाणी कोठे शोधावे, पक्ष्यांच्या ओरडण्यावरून माणूस येतो आहे हे कसे ओळखावे, असे ते शिक्षण. सातपुड्याच्या सागवानी रानात सत्तरीकडे झुकलेला हा शिक्षक गोऱ्या पोरांना टिटवीचे बोलणे समजावून देत असेल, हे चित्र डोळ्यांपुढे आणावयास सौसरच्या माणसाला कष्ट पडू नयेत. तेथेच मलेरियाने त्यांना पुन्हा अंथरुणाला खिळविले.

त्याच वर्षी मुंबईस ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने त्यांचे कुमाऊंच्या नरभक्षकांचे पुस्तक छापले. नऊ वर्षांपूर्वी नैनीतालला त्यांनी आपल्या काही गोष्टी अवघ्या शंभर प्रती छापून मित्रांना वाटल्या होत्या. त्याचेच हे वाढलेले रूप. पहिल्या आवृत्तीचे मानधन युद्धात दृष्टी गमावलेल्या हिंदी सैनिकांच्या वसतिगृहास दिले गेले. पुस्तक जगभर गेले. अमेरिकेत १९४८ मध्ये त्यावर एक बोलपटही निघाला. त्यात नाव तेवढे पुस्तकाचे. बाकी सारे दुसरेच. सहाशे फूट खऱ्या वाघांसाठी दहा वर्षे घालविलेल्या माणसाने तो कसा पाहिला असेल कोण जाणे.

१९४७ च्या अखेरीस कॉर्बेट आणि मॅगी यांनी हिंदुस्थान सोडला. नैनीतालचे गर्नी हाऊस विकले. काळाढुंगीजवळच्या छोटी हल्द्वानी या त्यांनी वसविलेल्या गावातल्या जमिनी कसणाऱ्या कुळांच्या स्वाधीन केल्या, आणि तिचा सारा परदेशातून स्वतःच भरीत राहिले. का गेले, याची उत्तरे निरनिराळे लोक निरनिराळी देतात. स्वराज्यात आपल्यासारख्यांना जागा उरेल की नाही ही धास्ती असावी. दोघे म्हातारे, मागेपुढे कोणी नाही, ही काळजी असावी. ज्या लोकांनी त्यांना घरचे मानले होते त्यांनी त्यांना जा म्हटले नव्हते, एवढे मात्र खरे. त्यांच्यावर मनापासून प्रेम करणाऱ्यालाही हा निर्णय थोडा टोचतो. मुंबईहून आगबोटीने ते मोंबासास गेले. त्याच साली चँपियन यांनीही हिंदुस्थान सोडून टांगानिकाच्या जंगल खात्यात नोकरी धरली. दोघे वाघांचे चित्रकार एकाच वर्षी सिंहांच्या मुलखात गेले.

आफ्रिका कॉर्बेट यांना नवी नव्हती. कुमाऊंचे कमिशनर विंडम यांच्या भागीदारीत टांगानिकात त्यांची कॉफीची शेती होती आणि त्या निमित्ताने पूर्वी त्यांच्या तिकडे वाऱ्या होत असत. आता त्यांनी केनियात न्येरी येथे बस्तान बसविले. आउटस्पॅन हॉटेलच्या आवारात बालवीरांचे प्रणेते बेडन-पॉवेल यांच्यासाठी बांधलेली पॅक्स्टू नावाची छोटी बंगली होती. तीत हे भाऊबहीण राहू लागले. समोर माउंट केनिया, पाठीशी अॅबरडेअरचे जंगल. माझा भारत आणि जंगलातले आपले बालपण, ही पुस्तके त्यांनी येथेच बसून पुरी केली. बंदूक जवळजवळ सुटली होती. कॅमेरा सुटला नव्हता.

येथले चित्रण वाघांच्या चित्रणाहून अगदी निराळे. वाघ झाडीत राहणारा, एकटा आणि लाजाळू. पूर्व आफ्रिकेतली जनावरे उघड्या माळावर कळपांनी चरणारी. तेथे लपण्यापेक्षा अंतराचा प्रश्न मोठा, उजेडाच्या कमतरतेपेक्षा दुपारच्या प्रखर उन्हाचा, आणि दवापेक्षा धुळीचा. आजही केनियात जाणाऱ्याने याच तीन गोष्टींसाठी सामान निवडावे. माळासाठी चारशे ते सहाशे मिलिमीटरचे भिंग. गाडीजवळ हत्ती आला तर मागे सरावयास लहान पल्ल्याचे. आणि धुळीत भिंग बदलण्याची पाळी येऊ नये म्हणून शक्य तर दोन कॅमेरे. तिपाई गाडीत उघडता येत नाही, म्हणून शिवलेली रिकामी थैली न्यावी आणि तेथे पोहोचल्यावर तीत डाळ किंवा तांदूळ भरून खिडकीवर ठेवावी. दगडासारखे स्थिर टेकण मिळते आणि जाताना वजन होत नाही. पुसण्याचे स्वच्छ फडके विसरू नये. कॉर्बेट यांची शेकडो फूट फिल्म काय कारणाने गेली ते वर आलेच आहे.

न्येरीजवळ जंगलात एका उंबराच्या जातीच्या प्रचंड झाडावर ट्रीटॉप्स नावाचे घरटेवजा विश्रामगृह होते. आउटस्पॅनचे मालक वॉकर यांनी ते १९३२ मध्ये बांधले होते. खाली पाणवठा आणि खारी माती चाटण्याची जागा. रात्रभर हत्ती, गेंडे येत. ५ फेब्रुवारी १९५२ रोजी इंग्लंडची राजकन्या एलिझाबेथ पतीसह तेथे मुक्कामास आली, आणि शहात्तर वर्षांच्या कॉर्बेट यांना सोबतीस बोलाविण्यात आले. राजकन्येजवळ चलच्चित्र कॅमेरा होता. हत्तींचा कळप झाडाजवळ असतानाच तिला शिडी चढावी लागली, आणि वर पोहोचताच तिने चित्रे घेण्यास सुरुवात केली ती उजेड मावळेपर्यंत. कॉर्बेट शेजारी उभे राहून जनावरांविषयी सांगत होते. रात्री सारे निजले तेव्हा ते तीस फुटी शिडीच्या माथ्याशी बंदूक घेऊन पहाटेपर्यंत पहाऱ्यास बसले. त्याच रात्री लंडनला सहाव्या जॉर्जचे निधन झाले. राजकन्या म्हणून झाडावर चढलेली मुलगी खाली उतरली ती राणी होऊन, आणि तिला ते ठाऊक नव्हते. पुढे १९५४ मध्ये, मौ मौ उठावाच्या धामधुमीत, ते विश्रामगृह जाळण्यात आले.

हिंदुस्थानातल्या वाघांची चिंता त्यांना अखेरपर्यंत सतावीत होती. व्हाइसरॉय वेव्हेल यांच्याजवळ बोलताना त्यांनी देशात तीन-चार हजारच वाघ उरले असावेत आणि दहा-पंधरा वर्षांत ते नामशेष होतील, असा अंदाज वर्तविला होता. मुदतीत त्यांची चूक झाली, रोखात नाही. १९७२ च्या गणतीत देशभरात अवघे १८२७ वाघ भरले. पुढल्याच वर्षी व्याघ्रप्रकल्पाचा आरंभ झाला तो रामगंगेकाठच्या त्यांच्याच उद्यानात. त्या उद्यानाला १९५७ मध्ये कॉर्बेट यांचे नाव देण्यात आले होते.

ते पाहावयास ते नव्हते. ट्रीटॉप्सच्या त्या रात्रीची हकीकत लिहून हातावेगळी केली आणि १९ एप्रिल १९५५ रोजी हृदयविकाराने न्येरी येथे त्यांचा अंत झाला. ते छोटे पुस्तक त्यांच्या मागे छापून आले. न्येरीच्या सेंट पीटर्स चर्चच्या आवारात, बेडन-पॉवेल यांच्या समाधीपासून थोड्या अंतरावर, त्यांना मूठमाती देण्यात आली. मॅगी त्यांच्यामागे आठ वर्षे जगल्या. चँपियन टांगानिकाहून स्कॉटलंडला परतले आणि १९७० मध्ये वारले. त्यांनी आणि कॉर्बेट यांनी टिपलेले वाघ कधीच मरून गेले होते, पण त्यांचे पट्टे आजही मोजता येतात.